चलान आलंय? आधी फोटो बघा

वाहनधारकहो, ई-चलानचा मेसेज आला की कुणी चरफडत पैसे भरून टाकतं, कुणी ‘लोकअदालतीत बघू’ म्हणत विसरून जातं. दोन्ही करू नका. आधी चलानचा फोटो उघडून बघा.

चौकात हवालदार गाडी अडवायचा तेव्हा तिथल्या तिथे बोलता यायचं. त्यात चिरीमिरी होती, ‘साहेबांना फोन लावू का?’ही होतं. आता चलान कॅमेरा काढतो आणि त्याला यातलं काही चालत नाही, हे चांगलंच आहे. पण मागून रुग्णवाहिका भोंगा वाजवत आली म्हणून तुम्ही लाल सिग्नलला गाडी पुढे घेतलीत, हेही त्याला कळत नाही. नंबरचा एखादा आकडा चुकीचा वाचला गेला, तर दुसऱ्याचा दंड तुमच्या नावावर पडतो. तिथे माणसानेच डोकं चालवायला हवं, आणि तुम्ही तक्रार केल्याशिवाय त्या माणसापर्यंत हे प्रकरण पोचणार कसं?

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली १६७-अ हा नियम आला. कॅमेऱ्याला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं, ते दरवर्षी नव्याने घ्यायला हवं, कॅमेरा असल्याची पाटी रस्त्यावर हवी, आणि नोटीस ठरलेल्या मुदतीत पाठवायला हवी, असं तो सांगतो. फोटोत गुन्हा आणि नंबरप्लेट दिसायला हवी. तारीख, वेळ, ठिकाणही हवं.

म्हणून गाडी आपलीच आहे का, जागा, वेळ जुळते का, हे पडताळा. चूक दिसली तर महाट्रॅफिक अ‍ॅपवर लगेच तक्रार करा. पुरावा म्हणून दवाखान्याचा कागद, डॅशकॅमचं चित्रण, जे असेल ते जोडा. गाडी विकली असेल तर आरसीवरचं नाव बदललंय याची खात्री करा. नाहीतर नव्या मालकाची चलानं तुमच्याच मोबाइलवर येतील.

तक्रारी तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनाही सांगणं आहे. चलान रद्द करा किंवा कायम ठेवा, पण कारण दोन ओळींत लिहा. कारण लिहावं लागलं की वशिल्याला जागा उरत नाही, आणि खऱ्या अडचणीला न्याय मिळतो.

आणि फोटोत तुम्हीच हेल्मेटशिवाय दिसत असाल, तर तक्रार कसली करता? दंड भरा आणि उद्यापासून हेल्मेट घाला.