अजून किती राहिलं?

जून संपत आला की मस्कतमधल्या मराठी घरांत एक बेत शिजायला लागतो: सलालाला जायचं. तिथे 'खरीफ' सुरू होतो. हा आपल्या शेतकऱ्यांचा 'खरीप'च बरं का! शब्द अरबीतून मराठीत आला, आणि दोन्हीकडे पाऊस आणणारे नैर्ऋत्य वारेही तेच.

रस्ता निझवा, आदम, हैमा असा, साधारण १००० किलोमीटर. आदमच्या पुढे नुसतं वाळवंट. मागच्या सीटवरून दर पंधरा मिनिटांनी प्रश्न येतो, "बाबा, अजून किती राहिलं?"

माझं म्हणणं असं की हे बाबांना विचारू नका. तुम्हीच त्यांना सांगा.

गाडी ताशी १०० किलोमीटर या एकाच वेगाने चालली आहे असं धरा. एका तासात १०० कमी झाले, दोन तासांत २००. निघून 'त' तास झाले असतील, तर राहिलेलं अंतर १००० − १००त. चार तासांनी किती? ६००. संपेल कधी? दहा तासांनी. 'त'च्या जागी 'क्ष' लिहिलात तरी चालेल. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात अशा न कळलेल्या संख्येला 'यावत्तावत्' म्हटलं, म्हणजे 'जितकं तितकं'. मला तेच नाव जास्त आवडतं. जितके तास, तितके शंभर!

आता खरी गंमत. वाटेत चहाला अर्धा तास थांबलो की मोठी माणसं हमखास म्हणतात, "आता जरा जोरात घेऊ, वेळ भरून काढू." खरंच निघतो का भरून?

अर्धा तास थांबलात म्हणजे ५० किलोमीटर मागे पडलात. राहिलेलं अंतर आता १००० − १००(त − ½). बाबांनी वेग १२० केला, तरी दर तासाला २० किलोमीटरच जास्त कापले जातात. मग ५० भरून यायला अडीच तास हवेत! एका चहापायी अडीच तास गाडी दामटायची, तीही मध्येच उंट आडवा येतो अशा रस्त्यावर? मला हे अजिबात पटत नाही. चहा सोडा असंही मी म्हणणार नाही. लांबच्या प्रवासात चालवणाऱ्याला झोप लागू नये म्हणून थांबायलाच हवं.

शेवटी सलालाजवळच्या डोंगरात तर इतकं धुकं असतं की गाडी हळूहळूच न्यावी लागते. तिथे आपलं सूत्र लावू नका. ते एकसारख्या वेगासाठी आहे, आणि तिथे वेग एकसारखा राहतच नाही.

तेव्हा यंदा बाबा "भरून काढतो" म्हणाले, की मागून सांगा, "बाबा, अडीच तास लागतील हं!" आणि भारतात वाट बघणाऱ्या आजीला फोन करून पोचायची वेळ अर्ध्या तासाने पुढची सांगा.