ब्रेकचा आवाज ‘नॉर्मल’ आहे, हे लिहून का मागावे?

सिग्नलवर गाडी थांबताना पुढच्या चाकातून कानात घुसणारा ‘चीं’ असा आवाज येतो. डीलरच्या वर्कशॉपमध्ये गाडी नेली की दोनपैकी एक उत्तर मिळते. एक, ‘सगळ्याच गाड्यांना येतो, नॉर्मल आहे’. दुसरे, ‘पॅड आणि डिस्क दोन्ही बदलावे लागतील’. जळगाव आणि धुळ्यातील कारमालकांना ही दोन्ही उत्तरे पाठ असतील. दोन्ही खरी असू शकतात आणि दोन्ही खोटीही. खरे-खोटे ठरते ते पॅडच्या जाडीवरून. प्रश्न असा, की ती जाडी मोजली का आणि मोजली तर ग्राहकाला लिहून दिली का?

आवाज येतो कशामुळे?

ब्रेक दाबला की दोन बाजूंचे पॅड फिरणाऱ्या लोखंडी डिस्कला चिमटीसारखे धरतात. या घर्षणात पॅड डिस्कला क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. सेकंदाला हजारो वेळा असे झाले की डिस्क आणि पॅड थरथरू लागतात आणि त्या थरथरीचा कर्कश आवाज होतो. फळ्यावर खडू तिरका धरला की जे होते, तेच येथेही.

ही थरथर रोखण्यासाठी पॅडच्या मागे पातळ पत्रा म्हणजे शिम बसवलेली असते. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो, त्यांना उष्णतेत टिकणारे ग्रीस लावलेले असते. शिम गंजली किंवा पिना सुकल्या, की पॅड शाबूत असूनही आवाज येतो. अशा वेळी महागडी डिस्क बदलण्याची गरज नसते. साफसफाई, ग्रीस आणि फार तर नव्या शिम एवढ्यावर काम भागते.

कोणता आवाज चालेल, कोणता नाही?

पावसात रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी पहिले दोन-चार ब्रेक लावताना खरखरते. डिस्कवर धरलेला पातळ गंज त्यात निघून जातो आणि आवाज थांबतो. याची काळजी नको.

प्रत्येक ब्रेकला येणारी बारीक, तीक्ष्ण शीळ मात्र तपासायला हवी. अनेक पॅडना एक छोटी धातूची पट्टी असते. पॅडचे अस्तर साधारण दोन-तीन मिलिमीटर उरले की ती पट्टी डिस्कला घासून मुद्दाम आवाज करते. तो बिघाड नसतो, पॅड बदलण्याची वेळ आल्याची सूचना असते. तिला ‘नॉर्मल’ म्हणणे धोक्याचे आहे.

तिसरा आवाज जाड, दळल्यासारखा ‘घर्रर्र’ असा असतो. बहुतेक वेळा अस्तर संपून लोखंडावर लोखंड घासत असल्याची ती खूण. अशी गाडी पुढे चालवू नये. त्यासोबत पेडल थरथरत असेल, खोल जात असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल, तर आणखी एक दिवसही थांबू नये.

खान्देशात हा प्रश्न महत्त्वाचा का?

‘आपल्याकडच्या उन्हाने आवाज येतो’, असे वर्कशॉपमध्ये सांगितले जाते. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो हे खरे. पण घाटात सतत ब्रेक लावल्यावर डिस्क काहीशे अंशांपर्यंत तापते. तिला हवेतल्या पाच-सात अंशांनी फारसा फरक पडत नाही. धुळीचे मात्र तसे नाही. काळ्या मातीची बारीक धूळ पॅड आणि डिस्कच्या मध्ये आणि मागच्या ड्रममध्ये साचते. रस्त्याची कामे सुरू असलेल्या पट्ट्यांत रोज ये-जा करणाऱ्या गाड्यांचे ब्रेक म्हणूनच लवकर साफ करावे लागतात.

दुसरे कारण घाटाचे. चाळीसगावहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना कन्नडचा घाट लागतो. शिरपूरहून इंदूरकडे जाताना बिजासन घाट. शहरात धकून जाणारा झिजलेला पॅड उतारावर दगा देऊ शकतो. ४ जुलै २०२३ रोजी मुंबई-आग्रा महामार्गावर शिरपूर तालुक्यातील पळासनेर येथे एक कंटेनर वाहनांना धडकून हॉटेलात घुसला. किमान दहा जणांचे प्राण गेले. ब्रेक निकामी झाल्याचे तेव्हा सांगण्यात आले. ते अवजड वाहन होते आणि कारच्या ब्रेकच्या शिळेशी त्याची थेट तुलना होत नाही. पण ब्रेकच्या तक्रारीला रेडिओच्या किंवा एसीच्या तक्रारीच्या रांगेत का बसवू नये, हे त्यावरून कळते.

वर्कशॉपमध्ये काय घडते?

नव्या गाडीच्या विक्रीत डीलरला मिळणारा नफा तुटपुंजा असतो. कमाईचा मोठा आधार सर्व्हिस आणि सुटे भाग. गाडी घेणारा सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर वेगळा, चाक उघडणारा मेकॅनिक वेगळा. ग्राहकाची भेट होते ती फक्त पहिल्याशी. मेकॅनिकने काय पाहिले, हे ग्राहकापर्यंत पोहोचेपर्यंत त्याचे ‘ब्रेक चेक केले’ एवढे तीन शब्द होतात. अनेकदा पॅडवर पॉलिश पेपर मारून गाडी परत मिळते. आवाज आठवडा-दोन आठवडे थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. तोवर ‘कंपनीचा फोन येईल, दहापैकी दहा द्या’ ही विनंती मान्य करून झालेली असते.

डीलरची बाजूही आहे. आवाज ग्राहकाच्या फेरीत येतो आणि वर्कशॉपच्या फेरीत येत नाही, असे खरोखरच घडते. पॅड झिजणारा भाग असल्याने तो सहसा वॉरंटीत बसत नाही, यातही लबाडी नाही. म्हणूनच तोंडी वाद निष्फळ ठरतो आणि लेखी नोंद दोघांच्याही हिताची असते.

पुणे-मुंबईत एका कंपनीचे अनेक डीलर असतात. एकाशी पटले नाही तर दुसरा गाठता येतो. जळगाव किंवा धुळ्यात काही कंपन्यांचे एकच अधिकृत वर्कशॉप असते. दुसरे मत घ्यायचे तर दीडशे किलोमीटरहून दूर नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. त्यासाठी कामाचा एक दिवस मोडतो. जिथे पर्याय नाही तिथे ग्राहकाच्या हातात कागद तरी असायलाच हवा.

बाहेर काम केले तर वॉरंटी जाते का?

ही धास्ती सर्रास घातली जाते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना मिळू न देण्याचा ठपका त्यांच्यावर होता. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असेही आयोगाने बजावले. या आदेशाविरुद्ध कंपन्या अपिलात गेल्या. मात्र ग्राहकाने घ्यायचा बोध सोपा आहे : वॉरंटी नाकारणाऱ्याने कोणत्या अटीखाली आणि कोणत्या भागासाठी नाकारली, हे लिहून द्यावे. बाहेरच्या चुकीच्या कामाने एखादा भाग बिघडला, तर त्या भागाची वॉरंटी नाकारली जाऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे.

दाद कुठे मागता येते?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. केलेल्या कामाची पावती न देणे ही या कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे कंपनीचे मुख्यालय चेन्नईत असो वा गुरुग्राममध्ये, जळगाव किंवा धुळ्यातील आयोग चालतो. मुदत दोन वर्षांची. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

तक्रार कोणाविरुद्ध, हा कळीचा मुद्दा. गोव्यातील एका ग्राहकाला डीलरने २०११चे म्हणून २००९चे, आधीच चाललेले वाहन विकले. त्या प्रकरणात फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीलरच्या कृत्याबद्दल टाटा मोटर्सला जबाबदार धरले नाही. कंपनीला त्याची माहिती होती हे सिद्ध झाले नव्हते. म्हणून डीलरकडे केलेली प्रत्येक तक्रार ई-मेलने कंपनीलाही पाठवावी. ‘आम्हाला माहीतच नव्हते’ असे म्हणायला मग जागा उरत नाही.

आयोगाकडे निकालाला कायद्याने ठरवलेल्या तीन ते पाच महिन्यांपेक्षा अधिक वेळ लागतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. चार हजारांच्या बिलासाठी कोणी वर्ष-दोन वर्षे तारखा घेत बसणार नाही, हे डीलरही जाणतात. त्यामुळे खरी लढाई वर्कशॉपच्या काउंटरवरच लढावी लागते.

मग मागायचे काय?

गाडी देताना जॉब कार्डवर ‘ब्रेक चेक करणे’ असे मोघम लिहू देऊ नये. आवाज कोणत्या चाकातून, किती वेगाला, गाडी गरम असताना की थंड, हे लिहून घ्यावे. मेकॅनिकला शेजारी बसवून फेरी मारावी. चारही चाकांच्या पॅड किंवा लायनरची जाडी मिलिमीटरमध्ये मागावी. डिस्क बदलायला सांगितली तर तिची मोजलेली जाडी आणि किमान चालणारी जाडी दोन्ही विचाराव्यात. किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते. काढलेले जुने भाग परत घ्यावेत. ‘नॉर्मल आहे’ असे उत्तर आले, तर तेच शब्द जॉब कार्डवर सहीनिशी मागावेत.

हा सगळा भार ग्राहकावर पडणे मात्र योग्य नाही. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेने ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ असे तोंडी सांगितलेले कोणी चालवून घेत नाही. आकडे छापून मागितले जातात. ज्या ब्रेकवर गाडीतल्या माणसांचा जीव अवलंबून आहे, त्याचे आकडे प्रत्येक सर्व्हिसच्या बिलावर न मागता छापून यायला हवेत. चाक उघडल्यावर जाडी मोजायला काही मिनिटे पुरतात आणि मापक प्रत्येक वर्कशॉपमध्ये असतो. कार कंपन्यांनी आपल्या डीलरना हे बंधनकारक करावे. त्या करत नसतील, तर जळगाव-धुळ्यातील ग्राहक संघटनांनी आधी याच एका मागणीचा पाठपुरावा करावा.