अकराच्या आधी शीड पाण्यात नको!

हवाईतल्या माऊई बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, पाइआ गावाच्या थोडे पूर्वेला असलेल्या होओकिपाच्या पाण्यात पुन्हा सकाळीच शिडे दिसू लागली आहेत. सर्फर लाटेची वाट पाहत बसलेले असतात आणि त्यांच्या मधून विंडसर्फर सुसाट निघतात. हे थांबले पाहिजे आणि याच हंगामात थांबले पाहिजे. उत्तरेकडच्या हिवाळी लाटा उसळू लागल्या की चूक सावरायला कोणालाच सवड मिळत नाही.

नियम कोणापासून लपलेला नाही. सकाळी 11 पर्यंत पाणी सर्फरांचे. त्यानंतरही दहा किंवा अधिक सर्फर पाण्यात असतील, तर विंडसर्फरने काठावर थांबायचे. 1980 च्या सुमारास माइक वॉल्ट्झसारखे तरुण इथे शीड घेऊन उतरू लागले, पण लाटांवर त्यांच्या कितीतरी आधीपासून सर्फर होते. गर्दी वाढली, भांडणे झाली आणि त्यातून ही वेळेची वाटणी आली. आज अलोहा क्लासिक स्पर्धेसाठी जगभरचे विंडसर्फर याच किनाऱ्यावर येतात, यात इथल्या विंडसर्फरांनी वर्षानुवर्षे पाळलेल्या संयमाचा मोठा वाटा आहे. त्याचा त्यांना अभिमान आहे, आणि तो असायलाच हवा. आठवडाभरासाठी आलेल्या पाहुण्याने एका सकाळीत ही कमाई उधळावी, हे सहन करण्यासारखे नाही.

‘समुद्र काय कुणाच्या बापाचा आहे?’ असे विचारणारे भेटतात. हवाईतले किनारे सर्वांना खुले आहेत, म्हणूनच तर वाटणी लागते. ‘वारा सकाळीच चांगला होता’ ही सबबही पोकळ आहे. इथले व्यापारी वारे बहुतेक दिवशी ऊन चढेल तसे जोर धरतात. 11 पर्यंत थांबणाऱ्याचे फारसे काही बुडत नाही.

बुडते ते समोरच्याचे. जवळजवळ चार मीटरची डोलकाठी, चार-पाच चौरस मीटरचे शीड, फळीखाली धारदार पंख आणि ताशी तीस किलोमीटरचा वेग. पोटावर झोपून हातांनी पाणी कापत जाणाऱ्या सर्फरला फेसाच्या भिंतीपलीकडून येणारे हे धूड दिसते, तेव्हा फार उशीर झालेला असतो. लाटेवर आरूढ झालेल्या विंडसर्फरलाही ऐन वेळी वळता येईलच, याची खात्री नसते.

विंडसर्फर आपसांतही कमी बेपर्वा नाहीत. लाटा फोडत बाहेर जाणाऱ्याला आत येणाऱ्याने वाट द्यायची असते. होओकिपात वारा उजवीकडून येतो, त्यामुळे बाहेर जाणाऱ्याचा उजवा हात पुढे असतो; म्हणजे शिडाच्या होड्यांना लागू असलेल्या सर्वसाधारण नियमानेही वाट त्याचीच. तरीही त्याच्या अंगावर येऊन उडी मारू पाहणारे, दुसऱ्याने आधी पकडलेल्या लाटेत घुसणारे रोज दिसतात. सर्वांत लाजिरवाणी गोष्ट म्हणजे पडलेल्याकडे पाठ फिरवणे. इथली ओढ वाऱ्याच्या दिशेने, डावीकडच्या खडकांकडे नेते. तिथे डोलकाठ्या मोडतात आणि माणसे खरचटून निघतात. पडलेला माणूस दिसला की लाट सोडावी, त्याला जागा द्यावी, तो हात हलवून ‘ठीक आहे’ म्हणेपर्यंत नजर ठेवावी.

तेव्हा होओकिपाला जाणाऱ्या प्रत्येकाने, अगदी गोव्यातल्या दोना पावलाच्या शांत पाण्यात शिकून आलेल्यानेसुद्धा, एवढे करावेच. आधी वरच्या टेकाडावरून अर्धा तास पाणी पाहा. सर्फर मोजा. आत-बाहेर जायची वाट कुठे आहे, हे स्थानिकांना विचारा. एकामागून एक प्रत्येक लाट घेऊ नका. पाण्यातून शीड उचलून निघणे आणि वळणे अजून जमत नसेल, तर काहुलुई विमानतळाजवळच्या कनाहाला जा. तिथेही 11 पर्यंत थांबावे लागतेच. मात्र शिकणाऱ्याला ते पाणी अधिक सोसते. चूक झाली तर तिथल्या तिथे माफी मागा.

साहित्य भाड्याने देणाऱ्यांनी फळी हातात देण्यापूर्वी गिऱ्हाइकाला वेळेचा नियम तोंडी सांगावा, नुसता कागद पुढे करू नये. आणि 11 च्या आत कोणी शीड जोडताना दिसला, तर जुन्या मंडळींनी त्याला गवतावरच गाठावे. एकदा तो लाटांत शिरला की ओरडून काही कानावर पडत नाही.