'इंडियन' रकान्यातील आमची मुले

दरवर्षी ऑगस्टमध्ये जीसीएसईचे निकाल लागतात आणि कालांतराने इंग्लंडचे शिक्षण खाते वांशिक गटांनुसार आकडे प्रसिद्ध करते. चिनी मुले सर्वांत पुढे, 'इंडियन' मुलेही अग्रभागी, कॅरिबियन मुले सरासरीच्या खाली. मग समारंभांतून भाषणे होतात की, आपली संस्कृतीच अभ्यासू! त्या टाळ्यांत आपल्या काही बौद्ध बांधवांचेही हात असतात, याचा आम्हांस खेद वाटतो.

कोणती ही संस्कृती? शाळकरी भीमरावास घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसविणारी? १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले ते ७५० पैकी २८२ गुणांनी. असे गुण आजच्या तक्त्यात मांडले, तर ते कोणत्या समाजाच्या 'कुवती'चा पुरावा ठरले असते, हे आम्हांस सांगावयास नको. 'गुणवत्ता' या शब्दाचे वार आपण पिढ्यान्‌पिढ्या झेलले. "ती मुले अभ्यासच करीत नाहीत" हे वाक्य आता आपल्याच दिवाणखान्यात, शुद्ध मराठीत, काळ्या मुलांविषयी उच्चारले जाते!

१९८० च्या दशकात येथील बांगलादेशी मुले सरासरीच्या फार मागे होती. आज ती पुढे आहेत. त्यांचा धर्म बदलला नाही, रक्त बदलले नाही. शाळा सुधारल्या, पैसा आला, येथेच शिकलेली पालकांची पिढी उभी राहिली. आणि 'इंडियन' मुलांचे म्हणाल, तर त्यांच्यापैकी कितीतरी जणांचे आईबाप डॉक्टर, इंजिनिअर म्हणूनच या देशात आले. निवड व्हिसा कचेरीने केली, श्रेय संस्कृतीने घेतले!

उलट बाजूही पाहावी. वेस्ट इंडियन मुले 'मंदबुद्धी' ठरवून वेगळ्या शाळांत कशी धाडली जात, हे बर्नार्ड कोर्ड यांनी १९७१ सालीच उघड केले. आजही गणिताच्या परीक्षेचे दोन स्तर आहेत. खालच्या स्तरास बसविलेल्या मुलाने सर्व उत्तरे अचूक लिहिली तरी त्यास ५ च्या वर श्रेणी नाही. वरच्या स्तरात मात्र ९ पर्यंत वाट मोकळी. कोणास कोठे बसवावयाचे, हे शाळा ठरवते. अर्धा निकाल तेथेच लागतो.

आपले स्थान या तक्त्यात कोठे? जातीचा रकानाच नाही. समता कायद्यात जातीचा समावेश करण्याचे बंधन पार्लमेंटने २०१३ साली सरकारवर घातले. २०१८ साली सरकारने अंग काढून घेतले. "येथे जात नाहीच" असे तेव्हा हिरिरीने सांगणाऱ्या मंडळींना आपल्या मुलांचे गुण मात्र 'इंडियन' म्हणून हवे असतात. गौरवात आपली गणना, गाऱ्हाण्यात नाही.

यंदा पालकसभेस जाल, तेव्हा आपल्या पाल्याची श्रेणी विचारून लगेच उठू नका. या शाळेतील कॅरिबियन मुलांपैकी किती जणांस गणिताच्या वरच्या स्तरात बसविले आहे, हेही विचारा. आणि उत्तर लेखी मागा.