जुन्या इंजिनास नवी जोड

‘टर्बो’ आणि ‘हायब्रिड’ हे दोन शब्द हल्ली विद्यार्थ्यांच्या तोंडी वारंवार येतात; आणि दोहोंचा संगम असलेले इंजिन आपण स्वतः, थोडक्या पैशांत, सिद्ध करावे अशी ईर्षा त्यांच्यापैकी कित्येकांच्या मनात असते. ही ईर्षा स्तुत्य होय. ज्या तळेगावच्या वेशीबाहेर मोटारगाड्यांचा एवढा थोरला कारखाना उभा आहे, तेथील मुलांस ती होऊ नये तर कोणास व्हावी? परंतु पैसा कोठे वाचवावा व कोठे वाचवू नये, याविषयीची रूढ समजूत आमच्या मते अगदी उलटी आहे.

प्रथम या संगमाचे कारण पाहू. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी सुमारे एक-तृतीयांश भाग धुराबरोबर व्यर्थ निघून जातो. या धुराकडून एक लहानसे चक्र फिरवून घ्यावे, आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने इंजिनात अधिक हवा कोंबावी, या योजनेचे पेटंट आल्फ्रेड ब्यूखी नामक स्विस यंत्रज्ञाने १९०५ साली घेतले. हाच टर्बो. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक, म्हणून लहान इंजिनातून शक्तीही अधिक. उणीव एवढीच की, इंजिन मंद फिरत असता धूर थोडा असतो व चक्रास जाग येण्यास वेळ लागतो. विजेच्या मोटरचा स्वभाव नेमका विरुद्ध. ती पहिल्या फेरीपासूनच जोर लावते. एक भाऊ बलवान पण झोपाळू, दुसरा किरकोळ पण चपळ, असे हे जोडपे आहे. चाकणच्या कारखान्यात जुळविल्या जाणाऱ्या मर्सिडीझच्या सी-क्लास गाडीत दीड लिटरच्या टर्बो इंजिनास ४८ व्होल्टांच्या विद्युत-यंत्रणेची जोड मिळाली. ती श्रीमंतांची गाडी खरी. पण मारुतीने २०१५ सालीच सियाझ या मध्यम किमतीच्या डिझेल गाडीत पट्ट्याने जोडलेल्या यंत्राकडून हेच काम करून घेतले होते.

आता आमचा हौशी तरुण काय करतो? भंगारातून साधे पेट्रोल इंजिन आणतो, दुसरीकडून एखादा टर्बो पैदा करतो, आणि नळ्या वाकवून दोहोंचे लग्न लावतो. इंजिन घडविताना अशा दाबाचा विचार कोणी केलेलाच नसतो. नळकांड्यांतील मिश्रण वेळेपूर्वीच पेट घेते, ठोके पडू लागतात, हेड गॅस्केट फुटते, कित्येकदा दट्ट्याही वितळतो. मग दुसरे इंजिन, मग तिसरे! स्वस्ताईच्या या मार्गाने घरचा पैसा जितका जातो तितका दुसऱ्या कशाने क्वचितच जात असेल.

याहून सरळ वाट आपल्याच गावातून जाते. जनरल मोटर्सचा येथील कारखाना २००८ साली सुरू झाला. २०११ साली बाजारात आलेल्या शेव्हरोले बीट या गाडीचे डिझेल इंजिन तळेगावातच बनत असे. अवघ्या ९३६ घन सेंटिमीटरांचे, तीन नळकांड्यांचे, आणि जन्मतःच टर्बो असलेले. शक्ती सुमारे ५७ अश्वशक्ती. २०२० च्या अखेरीस तेथील उत्पादन थांबले आणि २०२४ च्या जानेवारीत ह्युंदाईने तो कारखाना ताब्यात घेतला. जुन्या बीट गाड्या आता भंगाराच्या वाटेला लागल्या आहेत. टर्बोचा मेळ घालण्याचे अवघड काम ज्यात जाणत्या लोकांनी आधीच करून ठेवले आहे, असे इंजिन आपण का घेऊ नये? मात्र नुसते इंजिन उचलू नये. मोडकी का होईना, संपूर्ण गाडी घ्यावी. कारण या इंजिनाचा मेंदू, तारांचे जाळे, संवेदक आणि किल्ली ही सर्व एकमेकांस ओळखतात. एकही हरवले तर उरते ते निव्वळ लोखंड.

उरली मोटर. ई-रिक्षाची सुमारे एक किलोवॅटची, ४८ व्होल्टांची मोटर नियंत्रकासह सहज मिळते. इंजिनाच्या पुढील पट्ट्यास ती जोडावी. मिनिटास १००० फेऱ्या असता एक किलोवॅट म्हणजे सुमारे साडेनऊ न्यूटन-मीटर पीळ. हा आकडा लहान आहे, हे आम्ही लपवीत नाही. परंतु टर्बो जागा होण्यापूर्वी मोटरने नेमकी किती भर घातली हे मोजून कागदावर मांडता आले, तर प्रयोग सफल झाला. जुन्या गाडीस बाहेरून मोटर जोडण्याचा विचार पोरखेळ नव्हे. पुण्याच्या केपीआयटी कमिन्स व भारत फोर्ज या कंपन्यांनी २०१० साली ‘रिव्होलो’ ही अशीच जोडणी जाहीर केली होती. ती बाजारात रूढ झाली नाही, हेही विद्यार्थ्यांनी ध्यानी ठेवावे.

म्हणून वाचलेला पैसा मोजमापाच्या साधनांवर आणि सुरक्षिततेवर खर्च करावा. टर्बोच्या दांड्याजवळून तेल झिरपू लागले तर डिझेल इंजिन स्वतःचेच वंगण जाळून बेफाम धावते. तेव्हा किल्ली बंद करून ते थांबत नाही, हवेचे तोंडच बंद करावे लागते. त्यासाठी जाड पोलादी झडप आधीच बसवावी, आणि हाताने तोंड दाबण्याचे साहस कोणीही करू नये. बॅटरीजवळ योग्य फ्यूज हवा. बंद खोलीत इंजिन चालवू नये. आणि यंत्र चौथऱ्यावरच राहू द्यावे: मान्यतेवाचून गाडीच्या मूळ रचनेत बदल करून ती रस्त्यावर आणण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आड येते.

एवढा खर्च एकट्या घराने सोसावा असे आम्ही म्हणत नाही. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून, माणशी एकेक पैसा जमवून, याच तळेगावात १९०८ साली काचेचा कारखाना उभा राहिला. जपानात ही कला शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे शिकवीत. दहा घरांनी मिळून एक मोडकी गाडी घेतली आणि ओळखीच्या एखाद्या कसबी मेकॅनिकला रविवारी दोन तास बसविले, तर पालकांच्या शिरावरील भार फार हलका होईल. त्या मेकॅनिकला त्याचे वेतन मात्र चोख द्यावे. ‘मुलांसाठी’ म्हणून फुकट शिकविण्याची गळ घालू नये.