आधी पिशवीची तपासणी, मग गोळी

पोटाचे डायलिसिस घरी करणाऱ्या रुग्णांना एक सोपी चाचणी शिकवलेली असते. पोटातून बाहेर आलेल्या द्रवाची पिशवी छापील कागदावर, अगदी वर्तमानपत्रावरही, ठेवायची. पिशवीतून खालची अक्षरे वाचता आली तर ठीक. ती पुसट दिसली तर जंतुसंसर्ग झाला असे धरून त्याच दिवशी पिशवीसह डायलिसिस केंद्र गाठायचे.

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला हेमोडायलिसिससाठी सहसा आठवड्यातून तीनदा, सुमारे चार-चार तास केंद्रात जावे लागते. शहरापासून दूर राहणाऱ्याची त्यात मजुरी बुडते आणि प्रवासखर्च वाढतो. अशांना पेरिटोनियल डायलिसिस ही मोठी सोय आहे. पोटात मऊ नळी कायमची बसवतात आणि तीतून दिवसातून तीन-चार वेळा साधारण २ लिटर द्रव सोडून काही तासांनी काढून घेतात. पण हात नीट धुतले नाहीत किंवा नळीच्या टोकाला बोट लागले, तर जिवाणू आत शिरतात. काही वेळा ते आतड्यातूनही येतात. यातून होणाऱ्या पोटाच्या आवरणाच्या संसर्गाला पेरिटोनायटिस म्हणतात.

योग्य प्रतिजैविक वेळेत मिळाले, तर बहुतेकांचा द्रव काही दिवसांत निवळतो. मात्र ई. कोलाय आणि क्लेबसिएला या जिवाणूंचे काही प्रकार सेफॅलोस्पोरिनसारखी नेहमीची औषधे फोडणारी विकरे तयार करतात. मग कार्बापेनेम वापरावे लागते. त्यालाही जिवाणू दाद देत नसेल, तर कोलिस्टिनसारखी मोजकीच औषधे हाती उरतात. योग्य औषध देऊनही पाच दिवसांत द्रव निवळला नाही, तर नळी काढणे भाग पडते. घरचे डायलिसिस थांबते, आणि काहींच्या जिवावरही बेतते.

म्हणूनच जिवाणू कोणता आणि कोणत्या औषधाला तो दाद देतो, हे सांगणारी कल्चर तपासणी मोलाची आहे. नेमकी तीच अनेकदा हुकते. पोट दुखू लागले की रुग्ण आधी जवळच्या दवाखान्यात किंवा मेडिकलच्या दुकानात जातो. तिथे अंदाजाने प्रतिजैविक मिळते. दोन दिवसांनी तो केंद्रात पोहोचतो, तेव्हा जिवाणू पुरते मेलेले नसतात, पण कल्चरमध्ये वाढतही नाहीत. पुढचे उपचार अंधारात चालतात. कल्चर कोरे येण्याचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आत असावे, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात.

दोष एकट्या रुग्णाला किंवा गावच्या डॉक्टरांना देऊन भागणार नाही. जवळपास तपासणीची सोय नसेल तर त्यांनी करावे काय? महत्त्वाची प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय विकू नयेत आणि विक्रीची नोंद ठेवावी, हा शेड्यूल एच-१ चा नियम २०१४ पासून लागू आहे; त्याची अंमलबजावणी कडक हवी. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात पुढे पोटाच्या डायलिसिसचाही समावेश झाला, हे स्वागतार्ह आहे. पण केवळ द्रवाच्या पिशव्या पुरवणे म्हणजे उपचार नव्हेत. कल्चरची बाटली, ती तपासणारी प्रयोगशाळा आणि रुग्णाला हात धुण्यापासून सारे पुन्हापुन्हा शिकवणारी परिचारिका यांचा खर्चही त्याच योजनेत धरायला हवा.

हे अशक्य नाही. रक्ताच्या कल्चरसाठी वापरतात त्याच बाटलीत हा द्रव भरून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. तेवढी सोय ग्रामीण रुग्णालयातही व्हायला हवी. नमुना घेतला की औषध लगेच सुरू करावे, अहवालासाठी थांबू नये. पण नमुना आधी घ्यावा. आणि रुग्णाच्या घरच्यांनी एवढे नक्की लक्षात ठेवावे: गढूळ पिशवी मोरीत ओतायची नाही, ती सोबत न्यायची.