आणि इतर

ठाण्यात मानपाड्याच्या अंगाला एक थिएटर आहे, डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह. ज्या नटाचं नाव ह्या इमारतीला दिलं, त्याचं नाव नाटकाच्या जाहिरातीत सगळ्यात शेवटी छापायचे. शेवटी म्हणजे कमी नव्हे. बाकीची नावं संपली की 'आणि', मग डॉ. काशिनाथ घाणेकर. पब्लिक त्या 'आणि'साठी तिकीट काढायचं.

1962 साली 'रायगडाला जेव्हा जाग येते'मधला संभाजी. 1966 साली 'अश्रूंची झाली फुले'मधला लाल्या. हे दुसरं नाटक 'नाट्यसंपदा'चं, म्हणजे प्रभाकर पणशीकरांचं. प्रोफेसर विद्यानंदही तेच करायचे. पण शिट्ट्या लाल्याला. मालकाच्याच नाटकात मालकाला झाकणारा नट! विंगेत कुणाच्या पोटात काय कालवत होतं ते आपण कसं सांगणार? मग 1970 ला 'नटसम्राट' आलं आणि लोक डॉ. श्रीराम लागूंचं नाव घेऊ लागले. घाणेकर दाताचे डॉक्टर, लागू कान-नाक-घशाचे. घाणेकरांवर 2018 साली सिनेमा निघाला, त्यात ह्या दोघांची ईर्षाही दाखवली. त्यात खरं किती आणि मीठमसाला किती ते सोडा. लोकांनी टाळ्या वाजवल्या ना?

दोस्तहो, माझं म्हणणं एवढंच आहे. त्यांची ईर्षा म्हणजे कलंदरी. आपल्या पोरानं तीच केली की माज. जयंतीच्या बॅनरवर फोटो बारका छापला म्हणून वस्तीत भांडण होतं, तेव्हा पांढरपेशे हसतात. आपणही हसतो, साला! नावाची हाव त्यांना शोभते आणि आपण मात्र त्यागच करायचा, हे कुणी शिकवलं आपल्याला? दवाखाना सोडून नाटकात उडी मारणाऱ्याला हिंमत लागते, कबूल. पण सोडायला आधी दवाखाना लागतो.

मी गोदीत माल उतरवतो. सुट्टी असली की नाटकाचा टेम्पो रिकामा करतो. कधी ठाण्यात गडकरीला, कधी डोंबिवलीत सावित्रीबाई फुलेला. फ्लॅट आणि लेव्हल खांद्यावर. कुणाला कुठली मेकअप रूम, कुणाचं नाव आधी पुकारलं, पडद्याला कोण मधे उभं राहिलं, सगळं बघतो. चहा कुणाला आधी गेला ह्यावरून तोंड फिरवलेले नट बघितलेत. मला त्याचं हसू येत नाही. भांडायला त्यांच्याकडे नाव तरी आहे. आम्ही 'आणि इतर'. 'आणि' आमच्याही वाट्याला आलाय, फक्त त्याच्यापुढे कुणी नाही.

कल्याणातल्या एका ग्रुपमध्ये एकांकिकेसाठी गेलो होतो. मेन रोल मागितला. डायरेक्टर म्हणाला, "आवाज चांगलाय रे, पण तुझा 'ण' नीट येत नाही. तू हवालदार कर." नायकाच्या घरी 'पानी' म्हणायला बंदी आहे काय? विचारलं नाही. हवालदार केला.

मेन रोल माझ्याच गल्लीतल्या दोस्ताला मिळाला. त्यानं 'ण' घोटून घोटून बसवला होता. मला आनंद व्हायला पाहिजे होता. आपला माणूस ना! खोटं कशाला बोलू, आचार्य अत्रे रंगमंदिरात, प्रयोगाच्या दिवशी, हवालदाराची टोपी घालून मी विंगेत उभा होतो आणि तो कधी चुकतो ह्याची वाट बघत होतो. तो अडकला. माझ्याकडे बघितलं. मला त्याचं सगळं पाठ होतं, रोज रात्री गोदीतून परतताना लोकलच्या दारात उभा राहून मी तेच म्हणत होतो. दोन सेकंद मी तोंड मिटून राहिलो. मग वाक्य दिलं.

बक्षीस त्याला मिळालं. आम्ही एकाच बाकड्यावर बसून चहा पितो. त्या दोन सेकंदांबद्दल तो काही बोलत नाही, मीही नाही.

पुढच्या महिन्यात नव्या एकांकिकेची निवड आहे. दोघंही जाणार आहोत.